ओलावा

भरला ट्रक काट्यावर येतो, मी आकडा लिहिते.
रिकामा होऊन परततो, पुन्हा लिहिते.
मधला फरक म्हणजे गहू.
आमच्या मोंढ्यातही गणित हेच होतं,
फक्त बाबा आधी दाण्याला दात लावायचे.
कट्ट वाजला तर घ्यायचा.
दबला तर, ने परत, अजून दोन उन्हं दे.

इथं यंत्र आहे. साडेचौदा टक्के.
ओलावा त्यावर गेला की भाव पडतो.
मी तरी एक दाणा तोंडात टाकतेच,
आणि कॉर्नेलियस ड्यूक, वय एक्याऐंशी,
ट्रकच्या खिडकीतून विचारतो,
"काय म्हणतंय तुझं दुसरं यंत्र?"

त्या हिवाळ्यात माझंही वजन झालं.
वयाला इतके गुण, पदवीला इतके,
इंग्रजीला, कानांना आणि जिभेला वेगवेगळे.
प्रांतात नातेवाईक: शून्य.
बाहेर शून्याखाली एकतीस.
फोटोत हसायचं नाही.
दहा वर्षांतले सगळे पत्ते, तारखांसकट,
एकही महिना मोकळा नको.
पहिली नोकरी सुटल्यावरचे चार महिने
मी कुठे होते?
'आईच्या उशाशी' असा रकाना नव्हता.

वॉरेन कोस्तियुक, एलिव्हेटरचा मॅनेजर,
दोन बोटांनी टाइप करणारा,
त्यानं पत्र लिहिलं: पूर्णवेळ. कायमस्वरूपी.
'या कामासाठी इथलं कुणी मिळालं नाही'
इथं येऊन तो थांबला.
म्हणाला, "खरंच आहे की.
माझा पोरगासुद्धा विनिपेगला पळाला."

नमुने काढणारी डेल्फीन, मेटिस आजीची नात,
हे ऐकून म्हणाली,
"म्हणजे प्रांत तुझी शिफारस करणार?
आणि प्रांताची शिफारस कुणी केली होती गं?"
मग स्वतःच खदखदून हसली
आणि डब्यातली अर्धी बॅनक मोडून
माझ्या हातावर ठेवली.

मार्चमध्ये प्रांताचं पत्र आलं: नामांकन मंजूर.
एप्रिलमध्ये कंपनीचं:
हा रेल्वेफाटा बंद, सुगीनंतर एलिव्हेटर पाडणार.
वॉरेननं दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.
खुंटा हलवून बळकट करतात म्हणे,
इथं मला बांधून झाल्यावर
खुंटाच उपटायचा ठरलेला.

ओटावाचं उत्तर यायचं होतं अजून.
तोवर नोकरी टिकायला हवी,
नोकरीला काटा हवा,
काट्याला कुणीतरी मालक.
वॉरेनला ब्रँडनची जागा तयार होती,
घर, बायकोची बहीण, सगळं तिकडेच.
गेला नाही.
म्हणाला, "कोठारं झाडायला कुणीतरी लागेल.
वजनं लिहायलाही."
माझ्याकडे न बघता.
एवढंच.

उन्हाळाभर आम्ही दोघंच.
डेल्फीनला शाळेच्या बसवर काम मिळालं,
जाताना चौकातून हॉर्न वाजवायची.
मी धूळ झाडली, उंदरांचे सापळे मोजले,
रोज सकाळी फोन उघडला
आणि रोज सकाळी बंद केला.

ऑक्टोबरातला मंगळवार. ड्यूकचा शेवटचा ट्रक काट्यावर.
फोन थरथरला.
मी वाचलं.
मग ट्रकचा आकडा लिहिला. चुकला.
खोडून पुन्हा लिहिला, पुन्हा चुकला.

वॉरेनला जाऊन सांगितलं.
त्यानं टोपी काढली, आत पाहिलं,
जणू तिथं काही लिहून ठेवलं होतं, परत घातली.
"म्हणजे तू आता कायमची."
वरच्या रिकाम्या कोठारात कबुतरं फडफडली.
मग तो पायऱ्या उतरून खाली गेला,
उगाचच एक दार लावलं, उघडलं, परत लावलं.

यंत्र म्हणत होतं तेरा पूर्णांक आठ.
खिडकीतून ड्यूक म्हणाला,
"आणि दुसरं?"
मी हातानंच थांब म्हटलं.
दाणा अजून चावला नव्हता.
जिभेखाली होता,
मऊ होत चाललेला.